आधी चिलटं पाळा, मग बेडूक

पत्राचा सारांश: एका वाचक मैत्रिणीला डार्ट फ्रॉग हे लहान, रंगीत बेडूक पाळायचे आहेत. वर्षभर त्या या बेडकांचे व्हिडिओ बघत आहेत आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगाही हरखून गेला आहे. घरात माशांची जुनी, ६० सेंटिमीटर लांबीची टाकी रिकामी पडली आहे. तिच्यात निळा, पिवळा, हिरवा आणि लाल असे चार रंगांचे चार बेडूक ठेवायचा बेत आहे. ऊब मिळावी म्हणून दिवाही आणून ठेवला आहे. तीन आठवड्यांनी मुलाचा वाढदिवस आहे आणि बेडूक त्या दिवशी घरी यावेत अशी इच्छा आहे. नवऱ्याचा विरोध आहे. तो म्हणतो, "लहान मूल असलेल्या घरात विषारी प्राणी नको. आणि त्यांना जिवंत माश्या रोज कोण घालणार? आपण बाहेरगावी गेलो की काय?" पत्रलेखिका विचारतात: हे बेडूक सुरक्षित आहेत हे त्याला कसं पटवू? सुरुवात कोणत्या जातीने करू? आणि नाहीच जमलं, तर जवळच्या एखाद्या पाणथळ जागी त्यांना सोडून देता येईल ना?

विषाचा प्रश्न आधी घेते, कारण तो खरोखर मिटणारा आहे.

डार्ट फ्रॉग हे विष स्वतः तयार करत नाहीत. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलांत ते ज्या मुंग्या, डोळ्यांना जेमतेम दिसणारे माइट, काही भुंगे आणि वाणी किडे खातात, त्यांच्या अंगातली अल्कलॉइड द्रव्यं ते आपल्या कातडीत साठवतात. तो आहार तुटला की विषाचा पुरवठा तुटतो. माणसाच्या देखरेखीखाली अंड्यातून निघालेल्या आणि पहिल्या घासापासून पाळीव माश्यांवर वाढलेल्या बेडकाच्या कातडीत ते विष जमतच नाही. सगळ्यांत जहाल म्हणून ओळखला जाणारा सोनेरी फायलोबेटिस टेरिबिलिस कोलंबियात सापडतो आणि तिथले एम्बेरा लोक फुंकणीच्या बाणांना त्याचं विष लावत आले आहेत. त्याचीही पाळीव पैदास निर्विष असते. बाणांसाठी वापरल्या गेलेल्या जाती हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्याच आहेत. या कुळातल्या दीडशेहून अधिक जातींपैकी बहुतेकांचा त्या बाणांशी काही संबंध नाही.

एक अट मात्र आहे आणि ती पक्की आहे. जंगलातून पकडून आणलेल्या बेडकाच्या अंगात जुनं विष वर्षानुवर्षं टिकू शकतं. त्यामुळे 'निर्विष' हा शब्द फक्त पाळीव पैदाशीला लागू होतो आणि ती खात्री विकणाऱ्याकडून मिळवावी लागते. डेंड्रोबेटिस आणि फायलोबेटिस या प्रजाती १९८७पासून साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहेत. म्हणजे देशाबाहेर त्यांची खरेदी-विक्री परवान्याशिवाय होऊ शकत नाही. त्याशिवाय प्रत्येक देशाचा स्वतःचा कायदा असतो, तो खरेदीच्या आधी तपासायचा. कागद दाखवायला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका. मग बेडूक कितीही देखणा असो. आणि विष नसलं तरी हात धुणं चुकत नाही, कारण कुठल्याही उभयचराच्या अंगावर साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जिवाणू असू शकतो. टाकीत हात घालण्याआधी नुसत्या पाण्याने भरपूर धुवायचे, म्हणजे साबणाचा अंश त्यांच्या कातडीला लागत नाही. नंतर साबणाने धुवायचे. मुलालाही हे पहिल्याच दिवशी शिकवा.

तर विषाच्या वादात तुम्ही बरोबर आहात. पण पत्र दुसऱ्यांदा वाचताना जाणवलं की तुमच्या नवऱ्याने प्रश्न तीन विचारले आणि तुम्ही मला उत्तर एकाचंच मागितलंत. माश्या कोण घालणार आणि आपण नसताना काय, हे त्याचे बाकीचे दोन प्रश्न विरोधासाठी काढलेले नाहीत. डार्ट फ्रॉग पाळण्यातला मुख्य विषयच तो आहे. माझ्याकडे या बेडकांविषयी जी पत्रं येतात, त्यांत विषाने झालेला त्रास कधीच नसतो. खाद्य संपलं, उकाडा वाढला, बेडूक बारीक होत गेला, एवढंच असतं.

डार्ट फ्रॉग फक्त हलणारं खाद्य खातो. मेलेला किडा किंवा तयार गोळी समोर ठेवली तरी त्याला ती खायची वस्तू वाटत नाही. तोंड लहान, म्हणून खाद्य बारीक लागतं. अंग लहान, म्हणून ते वारंवार लागतं. जगभर हे बेडूक पाळणारे लोक यासाठी न उडणाऱ्या फळमाश्या वाढवतात. पिकल्या फळांवर घोंगावणारं चिलट तेच हे, फक्त पंख खुरटलेले किंवा निकामी असलेल्या वाणाचं. ड्रॉसॉफिला मेलॅनोगास्टर लहान असते, ड्रॉसॉफिला हायडी तिच्याहून बरीच मोठी. पूर्ण वाढलेला बेडूक एका वेळेला काही डझन माश्या सहज खातो. वाढत्या पिल्लाला रोज लागतात, मोठ्याला दिवसाआड चालतं. एका जोडीचा हिशेब केलात तरी आठवड्याला शेकडो माश्या होतात आणि त्या दर आठवड्याला तयार असाव्या लागतात.

त्या घरीच वाढवायच्या. कृती अवघड नाही. बरणीच्या तळाशी बटाट्याचे सुके फ्लेक्स, यीस्ट, थोडं व्हिनेगर आणि पाणी यांचा घट्ट लगदा. माश्यांना चढायला लाकडाचा भुसभुशीत कीस किंवा चुरगळलेला कागद. तोंडावर हवा जाईल पण माशी जाणार नाही असं कापड. त्यात पन्नासेक माश्या सोडल्या की २५ अंशांच्या आसपास मेलॅनोगास्टरची नवी पिढी दहा ते चौदा दिवसांत बाहेर पडते. हायडीला तीन-चार आठवडे लागतात. बरणी साधारण महिनाभर चालते, मग लगदा खराब होतो आणि ती टाकून द्यावी लागते. त्यामुळे दर आठवड्याला एक नवी बरणी लावायची, तिच्यावर तारीख लिहायची, आणि कुठल्याही दिवशी हाताशी निदान तीन-चार वेगवेगळ्या वयाच्या बरण्या असतील असं बघायचं. एकाच बरणीवर विसंबलात तर ती नेमकी नको तेव्हा बसते, म्हणजे तिच्यातून माश्या निघायच्या थांबतात.

बरण्या बसण्याची कारणं ओळखीची असतात. लगद्यात माइट शिरतात आणि अळ्यांच्या तोंडचं खातात. म्हणून जुन्या बरण्या नव्यांजवळ रेंगाळू देऊ नका आणि नवी बरणी लावताना माश्या तरुण बरणीतूनच घ्या. लगदा फार ओला झाला तर माश्या त्यात चिकटून मरतात, फार कोरडा झाला तर अळ्या वाढत नाहीत. आणखी एक गोष्ट नवख्यांना चकित करते: घरातलं एखादं साधं, उडणारं चिलट बरणीत शिरलं, तर त्याच्याशी संकर झालेली पुढची पिढी उडायला लागते, कारण खुरटे पंख हा मागे दबणारा गुण आहे. खुरट्या पंखांचा वाण फार उष्ण जागी वाढला तरी पंख पुन्हा चांगले येऊ लागतात. अशी बरणी ताबडतोब काढून टाकायची, तिच्यातून पुढची लावायची नाही.

आता माझा मुख्य सल्ला. बेडूक आणण्याआधी सलग तीन महिने माश्या पाळून बघा. बेडूक नाही, घरात नुसत्या माश्या. दर आठवड्याची बरणी तुमच्या हातून चुकते का, नवऱ्याला त्या आंबूस वासाचा त्रास होतो का, निसटलेल्या दोन-चार माश्या घरात चालतात का, मुलाचा उत्साह महिन्याभराने किती उरतो, हे सगळं तेवढ्यात कळेल. जमलं नाही तर काही बरण्या वाया जातील, जीव कुणाचा जाणार नाही. नवऱ्याचंही समाधान बोलण्याने होणार नाही, ते बाराव्या आठवड्यातल्या भरलेल्या बरणीने होईल. मला तर वाटतं की या तीन महिन्यांत त्याला एखादी बरणी लावायला द्यावी. ज्याला काम माहीत असतं, त्याची धास्ती कमी होते.

याच काळात स्प्रिंगटेलचीही एक पेटी सुरू करा. हे पांढुरके, मिलिमीटरभर लांबीचे जीव ओल्या लोणारी कोळशावर, चिमूटभर यीस्टच्या जोरावर हजारोंनी वाढतात. टाकीत सोडले की ते बुरशी आणि बेडकांची विष्ठा खाऊन जमीन स्वच्छ ठेवतात, आणि लहान बेडकांना अडीअडचणीला तेच खाद्य होतं. आयसोपॉड या कवचधारी जीवांच्या लहान जाती पालापाचोळा कुजवण्याचं काम करतात. बेडकाआधी या सगळ्यांची घडी बसलेली हवी.

माश्या नुसत्या घालून चालत नाहीत, हेही सांगायला हवं. त्यांच्यात कॅल्शियम फार कमी असतं. एका पेल्यात माश्या घ्यायच्या, वर डी३ जीवनसत्त्व असलेली कॅल्शियमची बारीक पूड टाकायची, पेला हलवायचा, माश्या पांढऱ्या झाल्या की टाकीत सोडायच्या. प्रत्येक वेळेला. हे टाळलं तर हाडं मऊ होतात आणि शेवटी बेडकाला झटके येतात. शिवाय अ जीवनसत्त्वाची पूड अधूनमधून, डब्यावरच्या प्रमाणात. त्यात रेटिनॉल आहे ना ते बघा, कारण नुसत्या बीटा-कॅरोटिनचा बेडकांना फारसा उपयोग करून घेता येत नाही. अ जीवनसत्त्व कमी पडलेल्या बेडकाची जीभ नीट चिकटत नाही. तो माशीवर झेप घेत राहतो आणि माशी सुटत राहते. उघडलेली पूड सहा महिन्यांनी बदलायची, उरली असली तरी.

दुसरी मोठी गोष्ट उष्णतेची. तुम्ही आणलेला दिवा कृपा करून परत करा. वर्षावन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर तापलेला, घामट प्रदेश येतो, पण हे बेडूक बहुतेक वेळ झाडांच्या दाट छायेत, जमिनीवरच्या ओल्या पाचोळ्यात असतात. तिथे गारवा असतो. टाकीत दिवसा २१ ते २६ अंश सेल्सिअस, रात्री १८-२० पर्यंत उतरलं तरी चालतं. २८च्या वर त्यांना त्रास सुरू होतो आणि ३०च्या वर काही तास गेले तर बेडूक दगावू शकतो. बंद काचेत उष्णता कोंडते, वरचा दिवा तिच्यात आणखी भर घालतो, म्हणून खोलीचं तापमान २७ असताना टाकीचं तेवढंच असेल असं धरून चालू नका.

यावर उपाय म्हणून लोक बऱ्याच युक्त्या सांगतात. जाळीवर पंखा लावला तर बाष्पीभवनाने तापमान दोन-तीन अंशांनी उतरतं खरं, पण टाकी कोरडी पडते. बर्फाची बाटली टाकीच्या झाकणावर ठेवली तर एक दुपार निघते. या युक्त्या एखाद्या वाईट दिवसासाठी ठीक आहेत, दरवर्षीच्या दोन-तीन महिन्यांसाठी नाहीत. तुमची खोली वर्षातल्या सगळ्यांत तापलेल्या दिवसांत किती तापते, हे रिकाम्या टाकीत थर्मामीटर ठेवून पाहा. ती २६-२७च्या आत राहत नसेल आणि खोली सतत थंड ठेवणं, वीज गेल्यावर दुसरी सोय असणं शक्य नसेल, तर माझं उत्तर 'पाळू नका' असं आहे. हे लिहिताना मला वाईट वाटतं, कारण तुमची ओढ पत्रात दिसते. पण सगळं ज्ञान आणि सगळी माया असून फक्त उकाड्यामुळे बेडूक गमावलेली माणसं आहेत.

टाकीचं सांगते. तुमची ६० सेंटिमीटरची टाकी दोन बेडकांना पुरेल. अगदी नव्याने घेतलीत तर समोरून उघडणारी, निदान ४५ सेंटिमीटर लांब-रुंद-उंच अशी घ्या, कारण वरून हात घालताना माश्या तुमच्या बाहीवर चढतात आणि बेडूकही बिचकतात. झाकणाचा बहुतेक भाग काचेचा हवा आणि एक पट्टी बारीक जाळीची. तळाशी पाणी निथळायला भाजलेल्या मातीच्या हलक्या गोळ्यांचा थर, त्यावर जाळी, त्यावर माती. त्या मातीत झाडाची साल, नेच्याच्या खोडाचे तंतू, कोळसा आणि स्फॅग्नम मॉस यांचं मिश्रण असतं. अटलांटाच्या वनस्पती उद्यानात तयार झालेलं या प्रकारचं मिश्रण सगळीकडे वापरलं जातं आणि ते वर्षानुवर्षं दबून घट्ट होत नाही. सगळ्यांत वर वाळलेल्या पानांचा जाड थर. पानांच्या बाबतीत हात आखडता घेऊ नका. पाचोळा भरपूर असला की बेडूक धीट होतात, कारण लपायला जागा आहे हे त्यांना ठाऊक असतं. मोकळ्या, नीटनेटक्या टाकीत ते कोपऱ्यात दबून बसतात आणि मग माणसं म्हणतात की आमचे बेडूक दिसतच नाहीत.

झाडं जिवंत हवीत. मनीप्लांट, लहान नेचे, ब्रोमेलियाड, काचेवर चढणारी बारीक पानांची वेल, एवढ्यावर उत्तम टाकी होते. रोपं आणली की मुळांची माती पूर्ण धुऊन काढा आणि काही आठवडे वेगळी ठेवा, कारण रोपवाटिकेतली कीटकनाशकं बेडकाच्या कातडीतून थेट आत जातात. दिवसाला बारा तास एलईडी दिवा, झाडांसाठी. पाणी क्लोरीन काढलेलं, फवाऱ्यासाठी शक्यतो आरओचं. हवेतला दमटपणा ७० टक्क्यांच्या वर असू द्या, पण दमट म्हणजे चिखल नव्हे. फवारा मारल्यावर काही तासांत पानांचा वरचा भाग सुकला पाहिजे. पाय सतत ओलाव्यात राहिले तर कातडीला जिवाणूंचा संसर्ग होतो. आणि खोल तळं करायचा मोह टाळा. हे बेडूक चांगले पोहत नाहीत, उथळ बशी पुरे.

टाकी लावल्यावर पहिल्या काही आठवड्यांत लाकडावर पांढरी बुरशी येईल. घाबरू नका, स्प्रिंगटेल ती खातात. सहा ते आठ आठवड्यांत मुळं धरतात आणि तापमान-दमटपणाचा दिवसभराचा चढउतार तुमच्या लक्षात येतो. माश्यांचे तीन महिने आणि टाकीचे दोन महिने एकाच वेळी चालू शकतात, म्हणजे वेगळी वाट बघावी लागत नाही.

आता रंगांकडे येते. चार रंग एकत्र ही कल्पना मनातून काढून टाका. तुमच्या वर्णनावरून निळा म्हणजे डेंड्रोबेटिस टिंक्टोरियसचा सुरिनाममधला अझुरियस हा प्रकार, पिवळा-काळा म्हणजे ल्युकोमेलास, हिरवा-काळा म्हणजे ऑराटस असावा. हे तिघं इतके जवळचे आहेत की त्यांचा संकर होऊ शकतो, आणि अशी संकरित पिल्लं जपणाऱ्या कुणालाच नको असतात. शिवाय एकाच्या अंगातले परजीवी दुसऱ्याला बाधतात आणि धीट जात बुजऱ्या जातीला खाऊ देत नाही. लाल बहुधा ऊफॅगा प्युमिलिओ. त्याची मादी आपल्या प्रत्येक पिल्लाला, म्हणजे पाण्यातल्या टॅडपोलला, स्वतःची अफलित अंडी खाऊ घालून वाढवते. अतिशय देखणी जात आहे, पण नवख्यांची नाही. ती काही वर्षांनी.

सुरुवातीला मी ल्युकोमेलास सुचवेन. व्हेनेझुएला-गयानाकडचा हा बेडूक तीन-चार सेंटिमीटरचा, दिवसा उघड्यावर वावरणारा, आणि नराची पक्ष्यासारखी लांब शीळ घरभर ऐकू येते. टाकी मोठी असली तर तीन-चार जण एकत्र नांदतात, आणि कोरडा ऋतू सोसणारी जात असल्यामुळे दमटपणात थोडा कमी-जास्तपणा झाला तरी निभावून नेते. ऑराटसही दणकट आहे, फक्त लाजरा. महिनाभर एखादं पानसुद्धा हललेलं दिसलं नाही तर तुमचा मुलगा खट्टू होईल. टिंक्टोरियस सगळ्यांत धीट आणि दिमाखदार, पण त्यांच्या माद्या एकमेकींशी कुस्ती खेळतात, एकमेकींची अंडी खातात. हरलेली मादी जखमेशिवायही ताणाने खंगत जाते. पिल्लांमध्ये नर-मादी ओळखता येत नाही, म्हणून टिंक्टोरियस घ्यायचे तर ओळख पटलेली प्रौढ जोडीच घ्या. रॅनिटोमेया नावाचे अंगठ्याच्या नखाएवढे बेडूक दिसले तर मोह होईल. ते चपळ असतात, दारातून क्षणात निसटतात आणि त्यांच्या पिल्लांना स्प्रिंगटेलवर वाढवावं लागतं. सध्या नको.

घेताना पाण्याबाहेर येऊन तीन-चार महिने झालेले बेडूक घ्या, त्याहून लहान नकोत. विकणाऱ्याला विचारा: आई-बाप बघता येतील का, कोणती माशी खातात, कोणती पूड देता, किती तापमानात वाढले. ज्याने स्वतः वाढवले आहेत तो या प्रश्नांनी खूश होतो. तुमच्यासमोर खाताना बघा. घरी आणल्यावर थेट सजवलेल्या टाकीत सोडू नका. साध्या पेटीत ओला टिश्यू, लपायला एक आडोसा, एक फांदी, आणि तिथे महिना-दोन महिने. तेवढ्यात विष्ठेची तपासणी करून घ्या आणि उभयचरांना मारणाऱ्या कायट्रिड बुरशीसाठी कातडीवर बोळा फिरवून चाचणी करून घ्या. म्हणजे उभयचर तपासणारा पशुवैद्य बेडूक घेण्याच्या आधीच शोधून ठेवायचा. सगळे पशुवैद्य हे काम करत नाहीत.

मुलाविषयी. डार्ट फ्रॉग हा हातात घेण्याचा प्राणी नाही. कातडी इतकी पातळ आणि शोषून घेणारी असते की हातावरचं मीठ, क्रीम, साबण, काहीही तिच्यातून आत जातं. आठ वर्षांच्या मुलाला 'बघायचं, धरायचं नाही' हे पटेल का, याचा अंदाज तुम्हालाच आहे. ज्या मुलांना कुशीत घ्यायला प्राणी हवा असतो, त्यांच्यावर या बेडकांमुळे अन्याय होतो आणि बेडकांवरही. पण तुमच्या मुलाला तासभर टाकीसमोर बसायला आवडत असेल, तर त्याच्यासारखा जोडीदार नाही. माश्या पुडीत घोळवणं, बरण्यांवर तारखा घालणं, सकाळ-संध्याकाळ थर्मामीटर वाचून वहीत लिहिणं ही खरी कामं आहेत आणि तो ती करू शकतो. जबाबदारी मात्र तुमची. चांगले सांभाळलेले डार्ट फ्रॉग दहा-पंधरा वर्षं जगतात, म्हणजे तो विशीत पोचेल तेव्हाही बेडूक तुमच्याकडेच असतील.

वाढदिवसाला त्याला माश्यांची पहिली बरणी, एक चांगलं भिंग आणि मोकळी टाकी द्या, आणि झाडं कुठे लावायची ते त्याला ठरवू द्या. तीन आठवड्यांत एवढं सहज होतं. बेडूक त्या दिवशी आले तर पुढचे सगळे महिने तुम्ही धावपळच करत राहाल.

बाहेरगावी जाण्याचं उत्तर नवऱ्याला नेमकं द्या. धष्टपुष्ट प्रौढ बेडूक दोन-तीन दिवस खाद्याशिवाय आरामात राहतात. टाकीत स्प्रिंगटेल भरपूर असतील, निघताना माश्या सोडून केळ्याची एक चकती ठेवली असेल (माश्या तिच्याभोवती रेंगाळतात) आणि फवारा आपोआप चालणारा असेल, तर आठवडाही निघतो. त्याहून जास्त असेल किंवा बेडूक अजून पिल्लं असतील, तर कुणीतरी यायलाच हवं. त्या माणसाला आधी दोनदा समोर बसवून खाऊ घालायला लावा आणि किती घालायचं ते पेल्यावर खूण करून द्या. उकाड्याच्या दिवसांत जाणार असाल तर त्याला तापमान बघायलाही सांगायचं, आणि ते वाढलं तर काय करायचं हे लिहून ठेवायचं.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, सोडून देण्याचा. नाही, कधीही नाही, आणि कुठेही नाही. बहुतेक ठिकाणी बेडूक थंडीने किंवा उकाड्याने मरेल. मरणार नाही तिथे परिस्थिती आणखी वाईट: १९३२ साली डासांवर उपाय म्हणून ऑराटस बेडूक हवाईतल्या ओआहू बेटावर सोडले गेले आणि ते आजही तिथे नांदत आहेत, जिथे मुळात एकही बेडूक नव्हता. आणि रोगाचं भय वेगळंच. जगभरातले उभयचर ज्या कायट्रिड बुरशीने संपत चालले आहेत, तिचं शास्त्रीय वर्णन १९९९ साली झालं ते वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयातल्या एका निळ्या डार्ट फ्रॉगवरून. तुमच्या निरोगी दिसणाऱ्या बेडकाच्या कातडीवर किंवा टाकीच्या पाण्यात जे असेल, ते बाहेरच्या ओलाव्यात पोचलं तर तिथल्या बेडकांना त्याच्याशी लढण्याची सवय नसते. त्यामुळे टाकीतलं निथळलेलं पाणी आणि जुनी मातीसुद्धा निर्जंतुक केल्याशिवाय बागेत टाकू नका. नाहीच जमलं, तर बेडूक पैदास करणाऱ्याकडे किंवा दुसऱ्या जाणत्या पाळणाऱ्याकडे जातो. म्हणून खरेदीच्या दिवशीच विकणाऱ्याला विचारा, "वर्षभराने परत घ्याल का?" आणि जो हो म्हणेल त्याच्याकडूनच घ्या.